दत्ताराम घाडी यांची पावडर

२० ऑगस्ट, बुधवार

ही डायरी गेल्या सालची, १९८५ची. पानावर मंगळवार छापलाय, तो खोडून मी बुधवार लिहिला. एवढी दुरुस्ती रोज करावी लागेल.

मागची पानं ह्यांच्या अक्षरात भरलेली आहेत. पाण्याच्या प्लांटवर आम्ल किती घातलं, सोडा किती, टाकी कधी धुतली. शेवटची नोंद १९ ऑगस्टची: ‘टाकी धुतली. साहेबांच्या कामाचा डबा भरला.’ त्यापुढे कोरं. मला पहिल्या कोऱ्या पानावर, त्याच तारखेला सुरुवात करायची होती, म्हणून वर्षभर थांबले.

काय झालं ते एकदा सरळ लिहून ठेवते.

हे, दत्ताराम घाडी, आधी गिरणीत पाणी मऊ करायच्या प्लांटवर होते. संपात गिरणी सुटली, तेव्हा मुलुंडच्या ह्या औषधांच्या कंपनीत त्याच कामाला लागले. त्या प्लांटच्या टाकीत रेझीन असते. खसखशीएवढे पिवळट दाणे, पाण्यातले क्षार धरून ठेवणारे. वाळलेल्या दाण्यावर पाणी पडलं की तो फुगून तडकतो, हे ह्यांनी पाहिलं. गोळीत ह्याची पूड घातली तर गोळी पोटात चटकन फुटेल, असं ह्यांनी प्रॉडक्शनच्या चंद्रप्रकाश पोतनीसला सांगितलं. पोतनीस म्हणाला, घरी करून बघ. तीनदा डबा भरून दाणे घरी आले आणि तीनदा पूड होऊन परत गेले. १२ ऑगस्टच्या पानावर ह्यांनी लिहिलंय: ‘गोळी दीड मिनिटात फुटली. साहेब हसले. म्हणाले, अजून एक डबा ने.’

त्या चौथ्या डब्याला गेटवर झडती झाली. धाकू वॉचमनने डबा उघडला. शेठ नेमके गाडीतून उतरत होते. पोतनीसला बोलावलं. तो म्हणाला, ‘मला काही कल्पना नाही.’

चार शब्द. गेटच्या वहीत नोंद झाली: ‘चोरी. दत्ताराम घाडी. रेझीन, एक डबा.’

नोकरी गेली. एकवीस दिवस हे नाहूरच्या आमच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. बाविसाव्या दिवशी बसल्या जागी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय.

ती नोंद मला पुसलेली बघायची आहे. आणि पोतनीसला त्याच गेटवर, पिशवी उघडी धरून, उभं राहिलेलं बघायचं आहे. तेवढं झालं की ही डायरी बंद.

२३ ऑगस्ट, शनिवार

हे गेल्यावर ह्यांच्या जागी मला लॅबमध्ये घेतलं. पोतनीसने शेठकडे शब्द टाकला म्हणतात. माझं तोंड बंद राहावं म्हणून, दुसरं काय. मीही मुकाट्याने आले. बाहेर राहून त्याचं काय वाकडं करणार होते?

काम सोपं आहे. सहा काचेच्या नळ्या, प्रत्येकीच्या बुडाला जाळी. एकेका नळीत एकेक गोळी टाकायची. मशीन त्या नळ्या कोमट पाण्यात वरखाली करत राहतं, पोटात होतं तसं. मी स्टॉपवॉच धरून बसते. पंधरा मिनिटांच्या आत गोळी फुटून जाळीतून खाली गेली पाहिजे. आमच्या तापाच्या गोळ्या पूर्वी मक्याच्या पिठावर बारा-तेरा मिनिटं घ्यायच्या. आता दोन मिनिटांतच पाणी गढूळ होतं. लोक त्याला ‘पोतनीस साहेबांची पावडर’ म्हणतात. मी पण म्हणते, मोठ्याने. म्हणताना दात चावते.

माझ्या बाजूला नलिनी बाटल्या धुते. तिची जीभ पाण्याच्या नळासारखी, बंद केली तरी टिपटिप चालूच. आज म्हणाली, ‘घाडीबाई, हा साहेब तुमच्याशी बोलताना लादीकडे का बघतो हो? लादी पसंत पडलीय का त्याला?’

‘तू आधी तोंड धू, मग बाटल्या.’

‘आणि डबा पण आणत नाही. वर्ष झालं. चहा-बिस्किटावर असतो दिवसभर. बायको देत नाही वाटतं.’

‘मला काय त्याचं?’ मी म्हटलं.

दुपारी पोतनीसने मला एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश आणून दिला. स्वतःचा, आत कॉलेजचा शिक्का. ‘तुम्हाला लेबलं वाचताना अडतं, म्हणून,’ असं लादीला म्हणाला. मी चौथीत शाळा सोडली. पुढचं वाचायला मी पुडीच्या कागदांवर आणि नाहूरच्या वाचनालयात शिकले. त्याच्या उपकाराची मला गरज नव्हती. पण कोश ठेवून घेतला. त्याचे कागद मला वाचता यायला हवेत.

२७ ऑगस्ट, बुधवार

आज पाण्याच्या प्लांटवरून जाताना लादीवर चार दाणे सांडलेले दिसले, वाळलेले. ओल्या हाताने एकावर थेंब सोडला. टुणकन उडाला.

गेल्या वर्षी हे असेच घरी ताटलीत दाणे घेऊन बसले होते. ‘जानके, बघ गो, कशे उडतत ते! चण्यासारखे!’ पन्नाशीचा माणूस, पण लहान पोरासारखा तोंड उघडून हसत होता. मी म्हटलं, पोहे गार होतायत. मी तेव्हा असंच बोलायचे.

पण पुढचं काम माझंच. हे म्हणाले, साहेब सांगतात की दाण्याला आधी पोटॅश, म्हणजे राखेत असतो तो खार, पाजावं लागतं, त्याशिवाय जोर धरत नाही. कारखान्यातला पोटॅश मागायला ह्यांना लाज वाटत होती. माझी आई पापडाला केळीच्या सालींची राख पाण्यात कालवून, निवळून घ्यायची. मी तसंच केलं. दाण्यांवर ते पाणी ओतलं तर फसफसलं. मग धुतले, पत्र्यावर वाळवले, जात्यावर दळले आणि ह्यांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ केले. शेजारच्या शांताबाईंनी विचारलं, नाचणी का? मी हो म्हटलं.

पहिली पूड जाडसर होती, गोळी सहा मिनिटांवर अडली. मी फडकं बदललं आणि पुन्हा गाळली, तेव्हा दीड मिनिट लागलं. हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. कंपनीत आता पोटॅश येतो, दळायला मशीन आहे. तरी शेवटची चाळणी पोतनीस मलाच करायला लावतो. ‘तुमच्या हाताचं वेगळं पडतं, घाडीबाई.’ कुणाच्या हाताचं आणि कुणाचं नाव.

२ सप्टेंबर, मंगळवार

वर्षश्राद्ध तिथीने गेल्या आठवड्यात उरकलं.

आज मोठी बातमी आहे. सरकारी दवाखान्यांची ऑर्डर येऊ घातली आहे. सोळा तारखेला त्यांचे दोन अधिकारी येणार. शेठने पोतनीसला सांगून टाकलंय की जमलं तर पुढच्या महिन्यापासून सगळा कारखाना तुझ्या हाताखाली. पोतनीसने ठरवलंय की पाहुण्यांसमोर ताज्या गोळ्या काढायच्या आणि मशीनमधून सरळ माझ्या नळ्यांत टाकायच्या. त्यांच्या डोळ्यांदेखत दोन मिनिटांत फुटल्या पाहिजेत.

हे ऐकून मी हिशेब मांडायला बसले.

पहिला विचार आला तो असा, की खराब गोळ्या मी ‘दोन मिनिटं’ लिहून पास करायच्या. पुढे सरकारी लॅबमध्ये पकडल्या जातील आणि सही पोतनीसची असेल. दुपारभर हा विचार गोड लागला. मग आठवलं, हे म्हणायचे, ‘गोळी पोटात दगड होऊन बसली तर माणूस तापात तसाच पडून राहतो, आणि त्याला वाटतं आपण औषध घेतलं.’ कुणा परक्या बाईचं पोर तापात राहील. तो विचार सोडला.

खोटं लिहायचं नाही. घडवायचं, आणि खरं तेच लिहायचं.

९ सप्टेंबर, मंगळवार

चाळीत आरत्या चालू आहेत. आमच्याकडे गणपती नाही. दिवसभर एकच शोधत होते, कुठे बोट घालायचं.

ते कोशाने सांगितलं. पोतनीसच्या पावडरीच्या पिंपावर इंग्रजीत सूचना चिकटवलेली आहे. एकेक शब्द काढून वाचला. पूड हवेतला ओलावा ओढून घेते. तोंड घट्ट बांधा, कोरड्या जागी ठेवा. म्हणजे जी पूड आधीच पाणी पिऊन फुगली, तिला गोळीत फुगायला जागाच उरत नाही. त्याचाच कोश, त्याचीच सूचना.

११ सप्टेंबर, गुरुवार

केलं.

पूड चाळून झाली. पिंपाच्या आतली प्लास्टिकची पिशवी मी बांधली नाही. पिंप सरकवून भांडी धुवायच्या मोरीशेजारी ठेवलं, तिथे दिवसभर गरम पाण्याची वाफ असते. वर नुसतं झाकण टेकवलं. आज, उद्या, मग शनिवार-रविवार. ह्या दमट हवेत डब्यातलं मीठसुद्धा पाणी सोडतं.

हात धुतले आणि नळ्यांसमोर जाऊन बसले.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. पिशवीत हात घातला. पूड मऊ, जड, बोटाला चिकटणारी. ह्यांनी पाहिली असती तर ओरडले असते.

पिशवीचं तोंड आता बांधायला हवं होतं, उघडं दिसायला नको. सुतळी सापडेना, मोरीतून वाहून गेली असणार. बाहेर पावलं वाजली. माझ्या डब्याच्या पिशवीची नाडी ओढून काढली आणि तिनेच गाठ मारली. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत सुतळी मिळवून बदलू.

ही पिशवी ह्यांचीच. त्या दिवशी गेटवर उघडली तीच. ह्यांच्या जुन्या पायजम्याच्या निळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची मीच शिवलेली, नाडीही त्याच कापडाची.

जेवणाच्या सुट्टीआधीच पिंप मिक्सिंगला गेलं. संध्याकाळी उरलेली पूड घेऊन परत आलं, तेव्हा तोंड नव्या सुतळीने बांधलेलं होतं. माझी नाडी नाही. पिंपाखाली, कचऱ्यात, मोरीत शोधली. नलिनीने विचारलं, ‘काय हरवलं?’

‘केसातली पिन.’

मिक्सिंगच्या खोलीत आज कोण होतं ते विचारायची सोय नाही. घरी येताना डब्याची पिशवी मुठीत आवळून धरावी लागली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस सावकाश लिहिणार आहे.

अधिकारी दोन होते, एक जाडा, एक चष्म्याचा. शेठने नवा सफारी घातला होता. पोतनीसने मशीनखालच्या ट्रेमधून सहा गोळ्या उचलून माझ्या हातावर ठेवल्या. आज प्रथमच त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘चालू करा.’

मी नळ्या सोडल्या आणि स्टॉपवॉच दाबलं.

दोन मिनिटं झाली. पाणी स्वच्छ. ‘दोन,’ मी मोठ्याने म्हटलं.

शेठ हसत म्हणाले, ‘आत्ता फुटेल बघा.’

पाच. पाणी स्वच्छ. गोळ्या खाली-वर, खाली-वर, पाण्यातल्या गोट्यांसारख्या. आठ. चष्म्याच्या साहेबाने चष्मा पुसला. दहा. जाड्या म्हणाला, ‘शेठ, चहा मागवता का? वेळ आहे असं दिसतंय.’ नलिनी मागे खुसकन हसली.

बारा. चौदा. पंधरा. मी एकेक आकडा घोषणेसारखा म्हटला. सतराव्या मिनिटाला एका गोळीचा कडेचा टवका निघाला, बाकी तशीच. चष्म्याचे साहेब उठले. ‘पुढच्या वेळी जरा कमी गाजावाजा करून बोलवा,’ एवढंच म्हणाले.

सगळे गेल्यावर पोतनीस नळ्यांसमोर तसाच उभा होता. घाम नाही, राग नाही. हात घालून त्याने एक गोळी बाहेर काढली आणि बोटांत फिरवत राहिला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘पंधरा मिनिटांत फुटली नाही. नापास.’ खरं तेच लिहिलं. त्याने सही केली.

घरी ह्यांच्या फोटोपुढे उभी राहिले. सांगायला खूप होतं. पण ह्यांची पूड नापास झाली, असं त्या फोटोला कसं सांगायचं ते सुचेना. म्हणून नुसता दिवा लावला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल विसर्जनाची सुट्टी. आज वाट लागली, माझीच.

नलिनी ऑफिसात चहा द्यायला गेली होती, ती पळत आली. ‘बाई, साहेबाने शेठला रिपोर्ट दिलाय. त्यात तुमच्या मिस्टरांचं नाव आहे!’

टायपिस्ट तिची मैत्रीण. कार्बनची कॉपी नलिनीने पदराखालून आणली. मी कोश घेऊन बसले. तीन इंग्रजी वाक्यांना दुपार गेली.

‘ही पावडर करण्याची कृती पाणी विभागाचे कै. दत्ताराम घाडी यांनी शोधली. ऑगस्ट १९८५मध्ये माझ्या सांगण्यावरून, मी दिलेली रेझीन घरी नेऊन त्यांनी ती करून पाहिली. सोळा तारखेची बॅच ह्याच कृतीची होती.’ खाली सही.

वर्षभर ‘पोतनीस साहेबांची पावडर’. फुटली तेव्हा पोतनीसची, फुटली नाही तेव्हा घाडीची! मेलेल्या माणसाच्या गळ्यात बांधायला बरी सापडली. मीच हे ओढवून आणलं. सबंध कंपनीत ह्यांचं नाव दोनदाच लिहिलं गेलं, एकदा चोर म्हणून, एकदा नापास म्हणून. दुसरं माझ्या हाताने.

नलिनी कागद उलटसुलट करत होती. म्हणाली, ‘पण बाई, हा म्हणतोय माझ्या सांगण्यावरून नेली. म्हणजे डबा ह्यानेच न्यायला लावला होता ना? मग चोरी कसली?’

मी पुन्हा वाचलं. खरंच. घाईत स्वतःला वाचवताना मूर्खाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. गेटवर जे बोलला नाही ते सहीनिशी.

आता एकच करायचं. त्याच पुडीची गोळी पुन्हा फुटताना दाखवायची. मग कृती घाडींची राहील, नापासपण पोतनीसचं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी सरळ शेठच्या केबिनमध्ये शिरले. टायपिस्टने अडवलं, मी थांबले नाही.

‘शेठ, माझ्या नवऱ्याची कृती खोटी म्हणून कागद झालाय. मला दुपारपर्यंत वेळ द्या. त्याच पिंपातली उरलेली पूड, तुमच्यासमोर.’

शेठ म्हणाले, ‘बाई, तू काय केमिस्ट आहेस?’

‘नाही. पण पहिली पूड माझ्याच जात्यावर निघाली.’

शेठनी होकाराची मान हलवली.

पूड ट्रेमध्ये पातळ पसरली आणि चार तास ओव्हनमध्ये ठेवली. मग कोरड्या फडक्यातून पुन्हा गाळली. शंभराला दोन ह्या मापाने औषधात कालवली. हाताच्या मशीनवर नलिनीने चाक फिरवलं, मी गोळ्या काढल्या. सगळी लॅब दाराशी जमली होती. पोतनीस खिडकीपाशी उभा.

नळ्या सोडल्या. तीस सेकंदांत कडा सुटल्या. एक मिनिटाला गोळी कापसासारखी फुलली. एक मिनिट पन्नास सेकंद, सहाही नळ्या रिकाम्या. नलिनीने टाळी वाजवली आणि मग घाबरून हात मागे घेतले.

मी कॉपी शेठपुढे धरली. ‘कृती कुणाची, हे साहेबांनीच लिहिलंय. डबा कुणी न्यायला सांगितला, हेही लिहिलंय. मग तुमच्या गेटच्या वहीत चोर कोण आहे?’

शेठनी विचारलं, ‘पोतनीस, तुम्ही सांगितलं होतं?’

‘हो.’

‘मग तेव्हा गेटवर का नाही बोललात?’

‘भीती वाटली.’

बस, एवढंच. मला वाटलं होतं कारणं देईल, शेठच्या पाया पडेल. मी कितीतरी उत्तरं तयार ठेवली होती, ती सगळी फुकट गेली.

शेठचा राग मग चढला. ‘आणि सोळा तारखेला ही पूड ओली कशी झाली? पिशवी कुणी उघडी टाकली? बाई, चाळणी तू करतेस ना? तुला काही माहीत आहे?’

मी म्हटलं, ‘मला काही कल्पना नाही.’

पोतनीस लगेच म्हणाला, ‘तोंड बांधलंय की नाही हे बघणं माझं काम होतं. चूक माझी.’

पुरता फसला. घरी येताना वर्षात पहिल्यांदा मासे घेतले. बांगडे. दोन खाल्ले, दोन ताटात तसेच राहिले.

२४ सप्टेंबर, बुधवार

गेटची वही. धाकूने काढून दिली. जुनं पान, कोपरा दुमडलेला. ‘चोरी. दत्ताराम घाडी.’ ह्यावर पोतनीसने शाईने रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: ‘नोंद चुकीची. रेझीन माझ्या सांगण्यावरून नेली होती.’ तारीख, सही. शेठची सही त्याखाली. पिंपांवर आता नवं लेबल आहे, इंग्रजीत. मी कोशाशिवाय वाचलं. ‘घाडी पद्धत’.

धाकू म्हणाला, ‘वैनी, मी तेव्हा हुकमाचा ताबेदार. दत्तारामदादांचा डबा उघडताना मला पण...’

‘तुझं काम तू केलंस,’ मी म्हटलं. ‘तुझ्यावर राग नाही.’

खरंच नव्हता. सगळा एकाच ठिकाणी साठवला होता.

पोतनीसला महिनाअखेर जायला सांगितलंय. नलिनी म्हणते, पन्नाशीच्या माणसाला कोण ठेवून घेणार. मी म्हटलं, दत्ताराम घाडीपण पन्नाशीचेच होते.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज पोतनीसचा शेवटचा दिवस.

मी कोश परत करायला गेले. त्याच्या खोलीत दोनच खोकी होती. ‘साहेब, हा तुमचा.’

‘राहू दे तुमच्याकडे,’ तो म्हणाला. ‘जरा द्या फक्त.’ कोश घेऊन तो टेबलामागे वळला, मग परत दिला. ‘तुमच्या पुढच्या वाचनाला लागेल.’

मी ‘बरं’ म्हटलं.

सुटीच्या भोंग्याला मी पहिल्या मजल्याच्या खिडकीत उभी राहिले. ह्याच खिडकीतून गेट सरळ दिसतं. नलिनी माझ्या खांद्याशी. पोतनीस चालत आला. आज त्याच्या हातात डब्याची पिशवी होती, वर्षभरात पहिल्यांदा. धाकूने सलाम करून गेट उघडलं. साहेबांची झडती होत नसते.

पोतनीस थांबला. काहीतरी म्हणाला. धाकूने हात जोडून मान हलवली, ‘साहेब, तुमचं कशाला?’ असा आवाज वर आला.

‘बघ, धाकू. नियम आहे.’

आणि त्याने स्वतःच पिशवी उघडली, डबा काढला, झाकण काढून समोर धरला. कामगार बाजूने जात होते, कुणी थांबले, कुणी बघून न बघितल्यासारखं केलं. धाकू डब्यात बघेना. पोतनीस तसाच उभा, डबा पुढे करून. मला जसा बघायचा होता तसाच.

‘बाई, हा वेडा झाला का?’ नलिनी म्हणाली.

डब्यात पोळी होती. अर्धी खाल्लेली.

मी खिडकीतून बाजूला झाले.

घरी आल्यावर कोश उघडला. ह्यांच्या पायजम्याच्या कापडाची निळ्या पट्ट्यांची नाडी आत होती. स्वच्छ धुतलेली, चौकोनी घडी केलेली. चिठ्ठी नाही, काही नाही.

पंधरा तारखेपासून ती त्याच्यापाशी होती. म्हणजे गोळ्या हातावर ठेवताना ठाऊक होतं. रिपोर्ट लिहिताना ठाऊक होतं. शेठने मला विचारलं, मी उत्तर दिलं, तेव्हाही तो खिडकीपाशी उभा राहून ऐकत होता.

मग बोलला का नाही? एक शब्द, आणि मी गेटबाहेर असते. भित्रा तो भित्राच, असं लिहिलं आणि खोडलं. नक्की काय लिहायचं ते कळत नाही. मला हवं होतं ते सगळं झालं. वही सुधारली, नाव लागलं, डबा उघडला. डायरी बंद करायचं ठरलं होतं.

बंद करायच्या आधी मागची पानं चाळली. १९ सप्टेंबरचं पान वाचलं. शेठच्या प्रश्नाला मी काय म्हटलं ते वाचलं. माझ्याच अक्षरात ते चार शब्द.

ते पान फाडून चुलीत घालायचं म्हणून कडेला धरून ओढलं. ही डायरी दोऱ्याने शिवलेली आहे, दुमडलेला कागद, एकाची दोन पानं. ते ओढलं तसं आधीच्या पानांत काहीतरी सैल झालं. बघितलं. १२ ऑगस्ट. ‘गोळी दीड मिनिटात फुटली. साहेब हसले.’

हे गेलं की ते सुटतं.

हात काढून घेतला. दोन्ही पानं सरळ केली आणि वर कोश ठेवला, वजनाला.